निरोप पोचला

१९ फेब्रुवारी १८८०, राजधानी

मंजूर झालं! माझं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलं आणि दुपारी गव्हर्नरनं सही ठोकली. सही करताना तो ढेकर देत होता, पण सही ती सही.

दहा वर्षं मी आमच्या टेट्स मिलच्या कोर्टात ज्यूरीपुढे घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगत आलो. ज्याला ठार मारायची धमकी मिळाली आहे त्यानं पहिली गोळी छातीवर घेईपर्यंत थांबायचं, हा कुठला न्याय? आता ते कायद्यात बसलं. धमकीचा निरोप दोन माणसांसमोर पोचलेला असावा, ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसलेला असावा, आणि धमकी देणाऱ्याचा हात हत्याराकडे जाताना दिसावा. एवढं जमलं की गोळी झाडणारा निर्दोष. एक कलम मी हट्टानं घातलं: जो आपण होऊन दुसऱ्याच्या दारी जाईल त्याला हे संरक्षण नाही. नाहीतर लोक निरोपाचं निमित्त करून एकमेकांच्या घरात घुसतील. आमचे लोक कसे आहेत ते मला माहीत आहे, मी त्यांच्यातलाच आहे.

अ‍ॅसा बर्नम मुद्दाम विरोध करायला इथवर आला होता. तो आमच्या जिल्ह्याचा सरकारी वकील. आम्ही एकाच म्हाताऱ्या जजच्या हाताखाली कायदा शिकलो, दोन वर्षं एका पलंगावर झोपलो, आणि त्याच्या लग्नात त्याच्याशेजारी मीच उभा होतो. संध्याकाळी कालवांचा रस्सा खाताना म्हणाला, "लिअँडर, तुझ्या कायद्यात सगळे बोलणार. फक्त मेलेला बोलणार नाही."

"मेलेला कुठल्या कायद्यात बोलतो रे?"

"म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी विचारायला हवं. निरोप खरा होता का, एवढं तरी विचारायची सोय ठेव."

"गोळी सुटायच्या आधी ते कोण तपासणार? तू?"

तो हसला. हरला की तो नेहमीच छान हसतो. रश्श्याचे पैसेही त्यानंच दिले.

८ मार्च, टेट्स मिल

महिन्याचा कोर्टाचा सोमवार. सगळा जिल्हा गावात लोटला होता. घोडे, खेचरं, तंबाखू, कज्जे, दारू, सगळं एकाच चौकात. माझा मेहुणा कॅस ड्रेनन यानं मला खांद्यावर उचलून कोर्टाला फेरी मारली. कॅस खेचरांचा व्यापार करतो आणि माणसांनाही तसंच उचलतो. माझी बायको मीलिया लाजून दुकानात शिरली, पण तिला आवडलं होतं.

टेटच्या दुकानाच्या पायरीवर आज एक नवीनच प्रकार पाहिला. एकजण दोन साक्षीदार घेऊन आला, टोपी काढली आणि इरा मॅकनाबला मोठ्यानं सांगितलं, "इरा, डॉक स्यूएल तुला कुंपणापाशी गाठून मारणार आहे. निरोप पोचला का?" इरा म्हणाला, "पोचला." मग सगळे आत जाऊन प्याले. माझा कायदा लोकांनी इतक्या लवकर आणि इतक्या शिस्तीत उचलला, याचा अभिमान वाटला हे कबूल करतो.

१३ एप्रिल

काल इरानं डॉक स्यूएलला मारलं. भर चौकात, घोडे पाहताना. डॉकचा हात कोटाकडे गेला आणि इरानं झाडली. गोळी गालातून शिरून मानेतून बाहेर पडली आणि मागच्या शिंगराला लागली. शिंगरू दावं तोडून चौकभर रक्त सांडत पळालं, शेवटी त्यालाही गोळी घालावी लागली. डॉक बराच वेळ जिवंत होता. बोलायला जायचा आणि तोंडातून नुसते बुडबुडे यायचे.

त्याच्या खिशात तंबाखूचा तुकडा निघाला, दुसरं काही नाही.

इराचं वकीलपत्र मी घेतलं आहे. निरोप, साक्षीदार, हात. सगळं चोख आहे.

२२ मे

आज वही उघडायची नव्हती. तरी लिहितो.

काल सकाळी गेब्रियल येट्स आपण होऊन तुरुंगात आला. पूर्वीचा गुलाम, आता नदीकाठी स्वतःची तंबाखू पिकवतो. त्यानं हार्लन कोपला मारलं, आणि कोप गोरा. गेब्रियलनं मला बोलावून घेतलं. गजांमागे सरळ उभा होता.

"वकीलसाहेब, निरोप पोचला होता मला. दोन माणसांसमोर. कोप बंदूक उचलत होता, माझ्याच शेतात. तुमचा कायदा मी दुसऱ्याकडून वाचून घेतलाय."

"बरोबर आहे तुझं."

"मग उभे राहाल ना माझ्यासाठी?"

मी म्हटलं, सकाळपर्यंत विचार करतो. घरी कॅस म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? पुढच्या वर्षी मतं कुणाकडे मागायचीत? नदीच्या माशांकडे?" मी रात्रभर विचार केला, म्हणजे झोपलो नाही इतकंच.

आज दुपारी जेवणं उरकून गावातले लोक तुरुंगावर चालून आले. तोंडंसुद्धा झाकली नव्हती. अ‍ॅसा एकटाच दुनळी घेऊन तुरुंगाच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "तुमच्यातल्या प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे, आणि प्रत्येक नाव मी कोर्टात घेणार." कुणीतरी बाजूनं बंदुकीचा दस्ता त्याच्या कानावर घातला. तो पडला, तसे त्याच्या अंगावरूनच आत गेले. गेब्रियलला गिरणीजवळच्या झाडाला लटकवलं आणि लटकत असताना गोळ्या घातल्या, एकामागून एक. लोक आपापली पाळी येईपर्यंत थांबत होते.

मी माझ्या कचेरीच्या खिडकीतून पाहिलं, लांबून नुसत्या टोप्या आणि पाठी. जिना उतरून खाली जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. जिना मी हळू उतरलो. इथे खोटं लिहून कुणाला फसवू?

रात्री जेवायला कॅस आला. त्याचे दोन्ही तळवे सोलवटले होते. खेचरानं दोर ओढला म्हणे. मीलियानं लोणी लावून पट्टी बांधून दिली.

१९ जून

अ‍ॅसा बरा होऊन हिंडू लागला आहे. आज पुलावर मागून मी त्याला हाक मारली, दोनदा. दहा पावलांवर होता. वळला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मला वेड्यासारखं उभं ठेवून तसाच निघून गेला.

मला मान्य आहे, मी त्या दिवशी खाली यायला हवं होतं. पण वीस वर्षांची मैत्री, एक शिवी तरी घालायची होती! घरी येऊन ताट सरकवलं. मीलिया म्हणाली, "डोशिया सांगत होती, हल्ली अ‍ॅसाशी फार मोठ्यानं बोलावं लागतं."

"बायकोशी भांडत असेल. भांडताना आवाज चढतोच."

"तसं नव्हती म्हणत ती."

बायकांच्या बोलण्याला कुठे टोक असतं?

१७ जुलै

गावभर झालं आहे. सप्टेंबरच्या कोर्टात आरोप ठेवायला मोठी ज्यूरी बसेल, तेव्हा तिच्यापुढे अ‍ॅसा तुरुंग फोडणाऱ्यांची नावं घेणार. सगळी. मला वाटतं तो पस्तावेल, पण छाती आहे गड्याची.

कॅसचं अलीकडे बिनसलं आहे. जेवत नाही, उगाच खेचरांना मारतो. उन्हाळा यंदा वाईटच आहे. आज आपण होऊन म्हणाला, "अ‍ॅसा तुझ्याविषयी काय काय बोलतो ते तुला कुणी सांगत नाही, कारण तुला लागेल."

"काय बोलतो?"

"जाऊ दे."

"अरे बोल की!"

"म्हणतो, येट्सचं खरं रक्त लिअँडरच्या हाताला आहे. पुढचंही बोलतो. ते आता नको."

पहिलं तर मी स्वतःशीच म्हणतो. पण दुसऱ्यानं म्हटलं की अंगाची आग होते, हे नवीनच कळलं.

१४ ऑगस्ट

मला निरोप पोचला.

दुपारी ओसरीवर बसलो होतो. कॅस आला, बरोबर त्याच्या तबेल्यातले दोघे. तिघांनी टोप्या काढल्या. कॅस रडवेला झाला होता. म्हणाला, "लिअँडर, बहिणीची शपथ, मला हे सांगायचं नव्हतं. अ‍ॅसा बर्नम म्हणाला, पुढच्या कोर्टाच्या सोमवारी तू चौकात दिसलास की तुला तिथेच आडवा करणार. निरोप पोचला का?"

माझ्या तोंडून "पोचला" हे आलंच नाही. अ‍ॅसा? कोंबडी कापायची वेळ आली की परसातून निघून जाणारा अ‍ॅसा? मी म्हटलं, "तो प्यायला होता का?" कॅस म्हणाला, "शुद्धीत होता." ते दोघे जमिनीकडे पाहत होते. बिचाऱ्यांनाही वाईट वाटत असावं.

शेवटी म्हटलं, "पोचला." संध्याकाळपर्यंत टेटच्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

२९ ऑगस्ट

दोन आठवडे पिस्तूल कमरेला आहे. बाकावर बसलं की टोचतं, चर्चमध्येसुद्धा.

रोज वाटतं, उठावं, अ‍ॅसाच्या घरी जावं आणि तोंडावर विचारावं, "गाढवा, म्हणालास का असं?" पण तेवढं मात्र मला करता येत नाही. मी त्याच्या दारी गेलो आणि काही झालं, तर कायद्यानं मी खुनी. कलम माझंच आहे. तो माझ्या दारी आला, तर तो खुनी. मीलिया म्हणाली, "मी जाते ना. डोशियाला विचारून येते."

"तू गेलीस तरी मीच पाठवलं असं धरतील."

"कोण धरतील?"

"ज्यूरी."

रागावली की ती मला आडनावानं हाक मारते. "मिस्टर प्रुइट, अजून कुणी मेलेलं नाही," असं म्हणून आत गेली.

१३ सप्टेंबर

अ‍ॅसा मेला. मी मारला.

१६ सप्टेंबर

झालं ते असं.

सोमवारी कॅस म्हणाला, घरीच राहा. नंतर म्हणाला, पण घरी राहिलास तर स्वतःच्या कायद्यावर तुझाच भरवसा नाही असं लोक म्हणतील. मी गेलो. चौक भरला होता. अ‍ॅसा कोर्टाच्या पायऱ्या उतरला, मला पाहिलं आणि सरळ माझ्या रोखानं चालू लागला. माणसं बाजूला झाली, रस्ता पडला. मी ओरडलो, "अ‍ॅसा, थांब!" तो चालतच राहिला. "थांब, नाहीतर झाडतो!" त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मान थोडी वाकडी केली आणि उजवा हात कोटात घातला.

मी तीनदा झाडली. पहिली पोटात गेली. तो खाली बसला, एखादा माणूस दमून बसावा तसा. दुसरी चुकली. तिसरी गळ्याखाली. मी जवळ गेलो, तो टाचा घाशीत होता आणि माझ्याकडे पाहत होता. राग नव्हता त्या डोळ्यांत. काय झालं ते त्याला कळत नव्हतं.

हात कोटातून बाहेर आला होता. त्यात पत्र्याचा कर्णा होता. बहिऱ्या माणसाचा, कानाला लावायचा.

डॉक्टर म्हणाला, मे महिन्यातल्या त्या दस्त्यानं एक कान पार गेला होता आणि दुसरा जातच आला होता. मी काय ओरडतोय ते ऐकायला त्यानं कर्णा काढला. मी काय ओरडत होतो? थांब, थांब म्हणत होतो.

मला ओकारी झाली. कॅसनं मला धरलं, तोंड पुसलं, घरी आणलं. तो एक क्षण माझ्यापासून हललेला नाही. प्रेताला आंघोळ घालायला मीलिया डोशियाकडे गेली, ती परत आलेली नाही. सरकारी वकीलच नाही म्हणून मोठ्या ज्यूरीनं तुरुंगफोडीचं प्रकरण बाजूला टाकलं. कॅस म्हणतो, चला, गावाचा तेवढा ताप तरी टळला.

२१ ऑक्टोबर

निर्दोष सुटलो. ज्यूरी जागेवरून उठलीसुद्धा नाही, तिथेच डोकी एकत्र करून सांगून टाकलं. माझा बचाव मीच केला, आणि बोलताना माझ्या लक्षात आलं की मी चांगला बोलतोय. त्या क्षणी मला माझी किळस आली, तरी वाक्य पुरं केलं.

कर्णा पुराव्याच्या टेबलावर होता. मधल्या सुट्टीत ज्यूरीतल्या एकानं तो कानाला लावला आणि म्हणाला, "बोला प्रुइटसाहेब, आता ऐकू येतंय!" खोली हसली. डोशिया पहिल्या बाकावर बसली होती. तिनं त्या माणसाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

६ नोव्हेंबर

आज दुपारी डोशिया कचेरीत आली. काळे कपडे, मांडीवर काळी पिशवी, उजवा हात पिशवीत. बरोबर तिचा भाऊ आणि चर्चचे पाद्री. दोघे दाराशी उभे राहिले.

"मिस्टर प्रुइट, सल्ला हवाय."

"डोशिया, मी..."

"मिसेस बर्नम."

"बसा, मिसेस बर्नम."

"तुमचा कायदा बायकांना लागतो का?"

"कुणालाही लागतो." गेब्रियल आठवला आणि जीभ अडखळली. "लागायला हवा."

"काल मला निरोप पोचला. या दोघांसमोर. तुम्ही माझ्या घराला आग लावणार आहात, मी आत असताना."

"मी असलं काही बोललेलो नाही! देवाशपथ! कोण म्हणालं?"

"निरोप खरा असावा लागतो का?"

मी दाराकडे पाहिलं. पाद्री खाली पाहत होते. त्यांनीही असं काही ऐकलेलं नाही, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. अशा माना मी माझ्या ओसरीवर पाहिल्या होत्या.

"सल्ला विचारतेय मी, मिस्टर प्रुइट."

"नाही. खरा असावा लागत नाही."

"मग काय लागतं?"

"पोचलेला असावा लागतो. आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला असावा लागतो."

"माझा बसलाय. पुढे?"

"समोरच्याचा हात हत्याराकडे जाताना दिसावा लागतो."

माझे हात टेबलावर होते. पिस्तूल उजवीकडच्या खणात. मी पंजे लाकडावर सपाट दाबून धरले. तिनं ते पाहिलं. नाक खाजत होतं, तरी हात उचलला नाही. घाम नाकाच्या शेंड्यावरून कागदावर पडला. मग माझ्यातला वकील बोलला, त्याला बोलण्यावाचून राहवत नाही. "पण तुम्ही माझ्या दारी आलात. इथे तुम्हाला संरक्षण नाही."

"माहीत आहे. अ‍ॅसानं ते कलम मला समजावून सांगितलं होतं. तुमच्या कायद्यातलं तेवढंच त्याला पटलं होतं." ती उठली. "चौक कुणाचं दार नाही ना?"

"नाही."

"थंडी पडायला लागलीय. सोमवारी घरूनच हातमोजे घालून या. चौकात खिशात हात घालू नका."

ती गेल्यावर मी कॅसला बोलावलं. मला वाटलं तो घाबरेल. तो मोठ्यानं हसला.

"एवढंच? अरे, तिच्या नावाचा निरोप आणू की. दोन माणसं घेऊन संध्याकाळी येतो तुझ्या ओसरीवर."

"ती माझ्याविषयी काय बोलली ते तुला कुठे माहीत आहे?"

"माहीत कशाला हवं? निरोप आणायचा म्हटला की येतो."

"आणता येतो?"

"लिअँडर, तू वकील ना रे?" असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. तळव्यावरचे दोराचे वळ अजून तसेच आहेत. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, आणि मे महिन्यापासूनचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर सरळ रांगेत उभं राहिलं. इतकं सोपं. अ‍ॅसानं नावं घेतली असती तर पहिलं नाव याचं होतं. अ‍ॅसाचं तोंड बंद करायला यानं मला वापरलं, आणि वापरायला लागणारं सगळं मीच राजधानीत बसून घडवून दिलं होतं.

मी त्याची गचांडी धरली. टेबलावर आपटलं, तोंड फुटून दात कागदांत पडला. गळा आवळत होतो. तो ओरडला, "साक्षीला कोण आहे तुझ्याकडे? कोण आहे?" कुणी नव्हतं. खोट्या निरोपाबद्दल त्याला फाशी द्यायला या राज्यात एकही कलम नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी सोडलं. तो रक्त थुंकत जिना उतरला, आणि खालून म्हणाला, "संध्याकाळी येतो."

मी कचेरीला आतून कडी घातली. संध्याकाळी तो दोघांना घेऊन आला, दार वाजवत राहिला. मी निरोप पोचू दिला नाही.

सोमवारी माझ्या दोन केसेस आहेत. पक्षकार डोंगरापलीकडून येणार आहेत, जायला हवं. पिस्तूल इथेच खणात ठेवून जाईन. हातमोजे घालायचे की नाहीत ते अजून ठरलेलं नाही.